सोललेले अक्रोड घेताना

एकदम दोन किलो घेऊ नका, महिनाभर पुरतील एवढेच घ्या. सुट्ट्या मालातली एक फोड मोडून बघा: आतून पांढरट हवी, कटकन तुटायला हवी. वाकली तर ओल धरलीय. जुन्या तेलाचा किंवा ऑइलपेंटसारखा वास आला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. खवटपणा भाजूनही जात नाही. आपल्या मराठवाड्यात पाडव्यानंतर पारा 40 अंशांकडे सरकतो, त्या उष्णतेत अक्रोडातलं तेल हवा लागून झपाट्याने बिघडतं. बदाम त्यामानाने टिकतात. म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रीजमध्येच ठेवा. बाहेर काढलेली बरणी लगेच उघडू नका, थंड फोडींवर पाणी धरतं आणि त्या मऊ पडतात. आठवड्यापुरते छोट्या डबीत वेगळे काढा.