निंबोळी अर्क दुप्पट करू नका, ताजा करा

प्रश्न (श्रीवर्धन तालुक्यातील बागायतदार): पोफळीच्या (सुपारीच्या) बागेत डास फार झाले आहेत आणि शेजारच्या काजूच्या पालवीवर ढेकण्या (कोवळ्या कोंबांतला रस शोषणारी कीड) आहे. दुकानदार म्हणतो, निंबोळी तेल दुप्पट घाला, वनस्पतीजन्य आहे, काही होत नाही. दोन्हीकडे तेच मारू का?

उत्तर: दुप्पट मारू नका. ‘काही होत नाही’ हे साफ चुकीचं आहे. दुप्पट तेल मारलेली काजूची कोवळी पालवी मी पाहिली आहे. दोन दिवसांत तांबूस पानं कडेने करपली. बागायतदाराला वाटलं रोग आला, म्हणून त्याच दुकानातून बुरशीनाशक आणून तेही मारलं.

तेलाऐवजी निंबोळीचा अर्क घरी करा. १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम निंबोळीची भरड संध्याकाळी पाण्यात भिजत घाला. सकाळी दुहेरी फडक्यातून पिळून घ्या. पाणी दुधासारखं पांढरट आलं पाहिजे. त्यात ३० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी १५ लिटर करा. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारा. भर दुपारी फवारलेला अर्क उन्हाने वाया जातो, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नये. आपल्याकडे कडुनिंब कमी, निंबोळी घाटावरून येते. म्हणून विकत घेताना यंदाचीच मागा, वर्षभर पडलेलीत दम नसतो.

अर्काने कीड लगेच मरून पडत नाही. ती खायची थांबते, पिल्लांची कात अडते. म्हणून पालवी फुटताना, ढेकण्याची पिल्लं दिसताच फवारा. कोंब काळे पडून वाळू लागल्यावर अर्कावर विसंबू नका, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं औषध सांगितलेल्या मात्रेतच घ्या. दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून देईल, घेऊ नका. मोहोर पूर्ण फुललेला असताना काहीच मारू नका, मधमाश्या मरतात.

डासांचं वेगळं आहे. नावात मॉस्किटो असला तरी ढेकण्या (टी मॉस्किटो बग) डास नव्हे. पोफळीला शिंपण सुरू झालं की पडलेल्या विरींत (झावळीच्या रुंद, खोलगट बुडांत) आणि नारळाच्या करवंट्यांत पाणी साठतं. एकेका विरीत अळ्या वळवळताना दिसतील, बोटभर पाणी त्यांना पुरतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस विरी गोळा करा, करवंट्या उपड्या घाला, गुरांची दोण घासून कोरडी करा. अर्क फक्त उपसता न येणाऱ्या डबक्यात, तोही अळ्या लहान असताना. कोषांवर (अळी आणि डास यांच्या मधल्या अवस्थेवर) त्याचा भरवसा नाही. विहिरीत अर्क किंवा तेल अजिबात टाकू नका. तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. करंजाचा पाला-बिया तळ्यात किंवा वहाळात पडू देऊ नका, मासे मरतात. सीताफळाच्या बियांची भुकटी करताना डोळ्यांत गेली तर डोळा जायची वेळ येते. मी ती किडीसाठी कोणाला सांगत नाही.

 

बाटलीच घ्यायची तर लेबलवर नोंदणी क्रमांक आणि अ‍ॅझाडिरॅक्टिनचं (निंबोळीतल्या कीडरोधक द्रव्याचं) प्रमाण बघा. मात्रा लेबलवरची, दुकानदाराच्या तोंडची नव्हे. नोंदणी क्रमांक नसलेली ‘जैविक’ बाटली तिथेच परत करा.