आठवड्याचे सहा तास आणि शेवटचा बॉस

प्रिय भाचीबाई,

तुझा मेसेज मिळाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये लेव्हल ८० झाली, त्याच्या ‘द वॉर विदिन’ या २०२४ च्या भागाची कथा संपली आणि आता चॅटमध्ये जो तो सांगतोय की खरा गेम इथून पुढे आहे. नोकरी सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास मिळतात, त्यात हा पुढचा गेम बसवायचा कसा, असं विचारलंयस. बसतो. सगळा नाही बसत, आणि कुठला भाग सोडायचा हे आजच ठरवलंस तर पुढची चिडचिड वाचेल.

मिथिक रेड, म्हणजे मोठ्या गटाने मिळून बॉस (मोठे शत्रू) मारायच्या मोहिमेची सगळ्यात अवघड पातळी, सोड. मोजून २० माणसं, ठरलेले वार, ठरलेल्या वेळा, आणि एकाच बॉसवर शंभर-दोनशे वेळा मरायची तयारी. ते करणाऱ्यांचं मला कौतुकच आहे, पण ती दुसरी नोकरी आहे. शिवाय आपल्याला घड्याळ आडवं येतं. वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नाही. युरोपात खेळायचं तर तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. ऑस्ट्रेलियाच्या रेल्मवर (सर्व्हरवर) गेलीस तर सिडनीचे आठ म्हणजे आपले दुपारचे अडीच-साडेतीन, तेव्हा तू ऑफिसात. आठवड्यातून तीन रात्री जागून सकाळच्या मीटिंगला डोळे चोळत बसणारी मुलं मी पाहिली आहेत. एखादा पॅच (गेमचा मोठा अपडेट) तसा निघतो, पुढच्याला सबस्क्रिप्शनच बंद होतं.

बाकीचं बहुतेक सगळं तुझ्यासारख्यांना डोळ्यासमोर ठेवूनच बनलंय. २००४ साली गेम आला तेव्हा मोल्टन कोर या रेडला ४० माणसं जमवावी लागायची. २००६ मध्ये नॅक्सरामस आलं. पंधरा बॉस, एवढी मेहनत, आणि ते आतून बघणारे इतके थोडे निघाले की २००८ च्या ‘राथ ऑफ द लिच किंग’मध्ये तीच रेड १० आणि २५ जणांसाठी पुन्हा आणली. २०११ च्या शेवटी रेड फाइंडर आला: बटण दाबा, रांगेत थांबा, अनोळखी २४ जणांबरोबर डेथविंग या बॉससमोर उभे राहा. जुने खेळाडू तेव्हा खूप खवळले, आमच्या मेहनतीची किंमत गेली म्हणून. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दुसऱ्याने सोप्या वाटेने बॉस पाहिला म्हणून आपण अवघड वाटेने मारलेला बॉस काही कमी मरत नाही.

तरी रेड फाइंडरबद्दल माझं मत ऐकून ठेव. ती बघायची जागा आहे, शिकायची नाही. प्रत्येक वाइपनंतर (सगळा गट मेल्यावर) सगळ्यांना ‘डिटर्मिनेशन’ नावाचं बळ मिळतं आणि ते वाढत जातं, त्यामुळे कुणीच काही न शिकताही बॉस शेवटी पडतो. रेडमधल्या महालाच्या भिंती बघ, संवाद ऐक, कथा पूर्ण कर. तिथली शेवटची बॉस राणी अन्सुरेक, तिच्यासाठी तर स्टोरी मोडही दिलाय, एकटीने जाता येतं. पण दर आठवड्याला तिथेच फिरत राहिलीस तर दोन महिन्यांत तुला वाटायला लागेल की रेड म्हणजे एवढंच, आणि कंटाळशील.

गिअरसाठी, म्हणजे शस्त्रं-चिलखतांसाठी, डेल्व्ह्ज या छोट्या मोहिमा. एकटीने किंवा पाच जणांपर्यंत, सोबतीला गेममधलंच पात्र ब्रान ब्रॉन्झबिअर्ड. त्याला हीलर (जखमा भरणारा) करून ठेव. बडबड फार करतो, सवय होते. मुख्य म्हणजे टायमर नाही. दाराची बेल वाजली, ताईने हाक मारली, तर उठून जाता येतं. मिथिक प्लस या पाच जणांच्या वेळ लावलेल्या मोहिमांमध्ये ही सोय नाही, तिथे घड्याळ चालू असतं आणि चार जण तुझ्या नावाने बोटं मोडत असतात. आठवड्यात दोन डेल्व्ह्ज केल्यास की ग्रेट व्हॉल्ट या आठवड्याच्या बक्षिसांच्या तिजोरीत एक पर्याय उघडतो, चार केल्यास की दुसरा, आठ केल्यास की तिसरा. उचलायची वस्तू मात्र एकच, म्हणून आठ पूर्ण करायच्या नादात रविवार घालवू नकोस. डेल्व्हच्या टिअर आठवर (आठव्या पातळीवर) पोहोचलीस की व्हॉल्टमधून हिरोइक रेडच्या (मिथिकच्या खालच्या पातळीच्या) तोडीची वस्तू येते. तिथपर्यंत चढ आणि थांब. वरचे टिअर हौसेसाठी आहेत.

आणि मग नॉर्मल रेड, म्हणजे रेड फाइंडरच्या वरची आणि हिरोइकच्या खालची पातळी. मला विचारशील तर तुझा एंडगेम हा. नॉर्मल आणि हिरोइकला १० ते ३० कितीही माणसं चालतात, संख्या बदलली की बॉसची ताकद आपोआप बदलते. तू एखाद्या आठवड्यात आली नाहीस तर कुणाचं अडत नाही. म्हणून गिल्ड (नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा गट) शोधताना त्यांनी किती बॉस मारलेत ते नंतर विचार. आधी विचार की ऐनवेळी येता आलं नाही तर काय करता. उत्तर द्यायला त्यांना विचार करावा लागला, तर दुसरी गिल्ड बघ. पगमध्ये (ऐनवेळी जमवलेल्या अनोळखी गटात) जायचं तर तयारी ठेव, लीडर आयटम लेव्हल (गिअरचा दर्जा) विचारतात, एओटीसी (शेवटचा बॉस हिरोइकवर मारल्याची नोंद) विचारतात, आणि नाही म्हटलं की काही न बोलता काढून टाकतात. मनाला लावून घेऊ नकोस, त्यांनाही तासाभरात आटपायचं असतं.

तुला भीती वाटते ती वेगळीच, आपल्यामुळे सगळे मरतील ही. तर मोल्टन कोरमधला बॅरन गेडन घे. तो मधूनच कुणा एकावर लिव्हिंग बॉम्ब टाकतो. ज्याच्यावर पडला त्याने हातातलं सगळं सोडून घोळक्यापासून लांब पळायचं. काही सेकंदांत स्फोट होतो, तो माणूस हवेत उडतो आणि जवळ उभे असलेले सगळे भाजून निघतात. ४० जणांत एकच जण डॅमेज मीटरवर (कोण किती मार देतंय त्या यादीत) आपलं नाव कितवं आहे ते बघत राहिला की हीलरांची धांदल उडते. आताच्या बॉसचे डाव याहून गुंतागुंतीचे आहेत, पण बहुतेक वेळा प्रश्न तोच असतो: आत्ता माझ्यावर काही आलंय का, आणि आलं असेल तर मी कुठे जायचं? हे कळायला भारी गिअर लागत नाही, रोजचे चार तासही लागत नाहीत. गेममधल्या अ‍ॅडव्हेंचर गाइडमध्ये प्रत्येक बॉसबद्दल टँकने (बॉसचा मार झेलणाऱ्याने) काय करायचं, हीलरने काय, डीपीएसने (मार देणाऱ्याने) काय, हे थोडक्यात दिलेलं असतं. रांगेत थांबलेली असताना वाचून होतं. पहिल्यांदाच आले आहे हे चॅटमध्ये सरळ लिही. मारामारीआधी फ्लास्क (ताकद वाढवणारं औषध) घे, गिअरला एन्चांट (जादूचं बळ) लावून ठेव. एवढं केलेली नवखी मुलगी महागड्या गिअरच्या आळशी माणसापेक्षा कुठल्याही लीडरला परवडते.

आणखी एक. सीझनच्या पहिल्या महिन्यात धावू नकोस. तेव्हा बॉस अवघड असतात आणि माणसंही चिडकी. पुढे बॉसची धार कमी केली जाते, लोकांचं गिअर वाढतं, पग सैल होतात. नव्या पॅचपर्यंत काही करावंसं वाटलं नाही तर सबस्क्रिप्शन महिना-दोन महिने बंद ठेव, कॅरेक्टर कुठे जात नाही.

शनिवारी आमची नॉर्मल रेड आहे, आपल्या साडेअकराला सुरू, दीडला बंद म्हणजे बंद. हीलर तीन आहेत, तू तुझा मेज (जादूगार) घेऊन ये. डिस्कॉर्डची लिंक वेगळी पाठवतो, माइक नसला तरी चालेल, ऐकू आलं म्हणजे झालं. आणि ताईला आधी सांगून ठेव, नाहीतर बाराला ती मला फोन करेल आणि मी नेमका टँक करत असेन.

तुझा,
मामा