वाचकांचे प्रश्न: प्रस्तावावर मिळणारे कला-पुरस्कार

प्रश्न: दुबईत कलाकार आणि क्युरेटर (प्रदर्शन रचणारा) अशा जोडीला मिळून पुरस्कार देतात, असं ऐकलं आहे. भारतातून अर्ज करता येतो का? (मिरज)

तुम्ही ऐकलंय तो अब्राज पुरस्कार. तो आता बंद झाला आहे. अब्राज ही दुबईची गुंतवणूक कंपनी. तिने 2008 मध्ये मध्यपूर्व, उत्तर आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या कलाकारांसाठी हा पुरस्कार सुरू केला. भारत त्या टापूत बसत होता. 2014 च्या विजेत्यांत केरळचे अनुप मॅथ्यू थॉमस होते. पुरस्कार तयार चित्राला नव्हता, प्रस्तावाला होता. आधी कागदावरची कल्पना निवडायची, मग पैसे द्यायचे, आणि पूर्ण झालेलं काम मार्चमधल्या ‘आर्ट दुबई’ या कलामेळ्यात मांडायचं. पहिल्या वर्षी तीन कलाकार आणि प्रत्येकासोबत एक क्युरेटर अशी रचना होती. पुढे सगळ्यांसाठी मिळून एकच क्युरेटर नेमू लागले. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुरस्कारही थांबला. एकाच कंपनीच्या तिजोरीवर चालणाऱ्या पुरस्काराचं असं होऊ शकतं, म्हणून कुठेही अर्ज करताना पैसा कोणाचा आणि तो किती हप्त्यांत मिळणार, हे आधी विचारा. त्यात संकोच कसला?

प्रश्न: प्रस्ताव मागितला आहे. संकल्पना लिहून झाली. आणखी काय जोडायचं? (कोल्हापूर)

संकल्पना एका पानात बसवा. परीक्षकांपुढे गठ्ठा असतो, तिसऱ्या पानापर्यंत कोणी जात नाही. पहिल्या दोन ओळींत काम दिसायला कसं असेल ते सांगा: काय, कशाचं, केवढं. ‘अस्मितेचा शोध’ वगैरे नंतर. बरेच प्रस्ताव इथेच पडतात. वाचून झालं तरी भिंतीवर चित्र आहे की जमिनीवर मांडणी, तेच कळत नाही. सोबत मापांसह रेखाटन द्या आणि वापरायच्या साहित्याचा एक नमुना करून त्याचा फोटो जोडा. आधीच्या कामाचे आठ-दहा फोटो पुरे. लांब बाजू 2000 ते 3000 पिक्सेल, रंग एसआरजीबी (पडद्यावर पाहायच्या फोटोंची नेहमीची रंगपद्धत), आणि फाइलच्या नावातच नाव, शीर्षक, वर्ष आणि माप.

खरी गोची अंदाजपत्रकात असते. साहित्य आणि मजुरी सगळे धरतात. पेटी, वाहतूक, विमा, मांडणीसाठीचा प्रवास आणि कर राहून जातात. विमानाचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागायचं. समजा, पेटी 200 × 150 × 30 सेंमीची आहे. गुणाकार 9,00,000, म्हणजे 150 किलो. आतलं काम पेटीसकट 60 किलोचं असलं तरी बिल 150 किलोचंच येणार. म्हणून कॅनव्हास गुंडाळून नेता येईल का, मांडणीशिल्पाचे सुटे भाग होतील का, हे रेखाटन करतानाच ठरवा. शेवटी एकूण रकमेच्या दहा टक्के ‘अनपेक्षित खर्च’ म्हणून दाखवा. परीक्षकांना ते खटकत नाही. उलट, एक रुपयाचीही ढील नसलेलं अंदाजपत्रक पाहून त्यांना शंका येते.

पेटी साध्या लाकडाची असेल तर परदेशी जाताना तिच्यावर आयएसपीएम-15 चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवल्याची ती खूण. गल्लीतल्या सुताराने केलेल्या पेटीला तो नसतो आणि माल बंदरात अडकतो. प्लायवूडला हा नियम नाही, पण आतली पट्टी साध्या लाकडाची असली की पुन्हा तेच.

काम प्रदर्शनानंतर परत येणार असेल तर फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याचा परवाना, घ्या, सीमाशुल्क भरावं लागत नाही. मात्र विजेतं काम तिथल्याच संग्रहात जाणार असेल तर कार्नेटच्या वाटेला जाऊ नका. वस्तू परत आली नाही, की शुल्क आणि दंड कार्नेट घेताना दिलेल्या तुमच्या हमीतून वसूल होतो.

प्रश्न: मी चित्र काढत नाही, प्रदर्शनं रचते. क्युरेटर म्हणून पोर्टफोलिओत काय दाखवू? (पणजी)

दालनाचा नकाशा दाखवा. कोणतं काम कोणत्या भिंतीवर, मधे किती अंतर, प्रेक्षक कुठून आत येतो, हे त्यात दिसलं पाहिजे. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंमीवर येतो. लहान मुलांसाठीचं प्रदर्शन असेल तर खाली घ्या आणि तसं लिहा. भिंतीवरच्या मजकुराचा एक नमुना, शंभर-दीडशे शब्दांत, मराठीतही. आधी केलेल्या प्रदर्शनातला एखादा स्थिती-अहवाल असेल तर तो नक्की जोडा: पेटी उघडताना आणि पुन्हा भरताना त्याच कोनातून काढलेले फोटो, ओरखडा कुठे, केवढा. गेल्या वर्षी कोणत्या दालनात काय केलं, याच्या यादीपेक्षा असा एक कागद जास्त बोलतो.

प्रश्न: पुरस्काराच्या पैशातून केलेलं चित्र संस्थेने ठेवून घेतलं. आता त्याचे फोटो आम्ही छापू शकतो का? (नाशिक)

करार काय म्हणतो त्यावर आहे. लेखी काहीच ठरलं नसेल तर अडचण. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 17 सांगतं की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा फोटोचा पहिला कॉपीराइट काम सांगणाऱ्याकडे जातो, उलट करार नसेल तर. गंमत म्हणजे त्या यादीत शिल्प नाही. पुरस्काराचे पैसे ‘मोबदला’ ठरतात का, यावर वाद होऊ शकतो. तो होईपर्यंत थांबण्यापेक्षा सही करण्याआधीच ‘वस्तू संस्थेची, कॉपीराइट कलाकाराचा’ हे वाक्य घालून घ्या. संस्थेला कॅटलॉग आणि प्रसिद्धीपुरती परवानगी द्या आणि किती वर्षं, कुठे, ते लिहा. कॉपीराइट सोपवणाऱ्या करारात हे नसेल तर कायदा मुदत पाच वर्षं आणि क्षेत्र भारत धरतो.

चित्र विकलं, कॉपीराइट दिला, तरी कलम 57 चा नैतिक हक्क, म्हणजे कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा कलाकाराचा हक्क, तुमच्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ते कलाकाराला परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपयांची भरपाई. तुमच्या चित्राची मोडतोड झाली तर याच कलमाचा आधार घ्या. फक्त नीट टांगलं नाही किंवा प्रदर्शित केलं नाही, एवढ्यावर हे कलम लागत नाही.