तुटलेपण कुठं सापडतं

प्रिय पोरी,

मराठी कादंबऱ्यांतल्या माणसांच्या तुटलेपणावरचा तुझा चॅप्टर वाचला, दोनदा वाचला. पहिल्या दोन पानांत 'परात्मता', म्हणजे हेच तुटलेपण, १७ वेळा आलंय, पेन्सिलनं मोजलं मी, अन् 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर उगवतो तिसऱ्या पानावर. असं कसं चालंल बाप्पा? तो शब्द आधी खोड.

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची, खानदेशातला पोरगा पुण्याला शिकायला जातो, तिथं रमत नाही, परत येतो तर गावही आपलं वाटत नाही, एवढं तर गाईडातही असतं. तू त्याचं 'वगैरे' बघ ना. एखादी गोष्ट अंगाशी यायला लागली की हा गडी 'वगैरे' म्हणून बाजूला सरकतो. मग मनी देवीच्या रोगानं जाते, त्याची धाकटी बहीण, ती पानं हळू वाच अन् तिथं त्याला सरकता येतं का ते मले सांग.

अन् दुसरं म्हणजे, असं तुटणं शिकलेल्या, शहरात गेलेल्या पोरांचंच असतं हे तुझं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी आपल्या वऱ्हाडातली, १९६०ची, म्हणजे कोसलाच्या आधीची. कौतिक कुठं होस्टेलला गेली होती? नवरा, लेकरं, शेजारपाजार सगळे भोवती, घर ओढायचं एकटीनं, त्यात नवऱ्याला महारोग, अन् शेवटी तिचं डोकंच फिरतं. भरल्या घरात एवढी एकटी बाई, अन् तू तिला फुटनोटमध्ये टाकली! काऊन? ती स्वतःबद्दल लांबलचक बोलत नाही म्हणून?

मी अमरावतीला कॉलेजात गेलो त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीला घरी आलो तर 'मले-तुले' सुटून 'मला-तुला' तोंडात बसलं होतं. माय काहीच बोलली नाही. फक्त पाणी नेहमीच्या गडव्यात न देता स्टीलच्या ग्लासात आणलं, खाली ताटली धरून, पाहुण्याले देतात तसं. मी गुमान पिलो.

तसा ग्लास शोध तुझ्या कादंबऱ्यांत. कोण कोणाशी बोलायचं थांबलं, कोणत्या पानावर, अन् त्याच्या आधी कोणत्या भाषेत बोलत होतं. थिअरी मग लाव, पळून नाही जात ती.

'धग'ची माझी कॉपी घेऊन जा, बाइंडिंग सुटलंय, पानं सांभाळजो. रविवारी ये, पण दुपारून, सकाळी वेचणीच्या बायांचा हिशोब असतो.

तुझा सर