दिवसभर लॅपटॉपवर बसून मान आणि उजवा खांदा भरून येतो. महागडी खुर्ची घेऊ का?

खुर्चीचे पैसे तूर्त राहू द्या. आधी माउस कुठे आहे ते बघा.

मी सांगलीत एका कर सल्लागाराकडे हिशेब बघते. गिऱ्हाइकं बहुतेक हळदीचे अडते आणि व्यापारी. हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर गाठ घालूनच येतात, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका मार्चमध्ये रात्री हात बधिर होऊन मला जाग यायला लागली. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरलेली, करंगळी मात्र ठीक. हात झटकला की जरा बरं वाटायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी ऐकताक्षणी करंगळीचंच विचारलं. मनगटातल्या अरुंद जागेत नस दबते, त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते. रात्री मनगट सरळ राहावं म्हणून त्यांनी पट्टा दिला आणि मग विचारलं, "तुम्ही बसता कशा?"

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणाऱ्याचा उजवा हात दिवसभर आकड्यांच्या बटणांवर असतो. ती कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आणि माउस त्याच्याही पलीकडे. दर वेळी माउस धरायला कोपर अंगापासून सुटतं, खांदा उचलला जातो. दिवसातून किती वेळा, मोजून बघा. मी माउस डाव्या हाताला घेतला. पहिले आठ दिवस फार चिडचिड झाली. महिन्याभरात हात बसला आणि उजव्या खांद्याची ठणक ओसरली.

लॅपटॉपची अडचण अशी की कीबोर्ड हाताला बरोबर ठेवला तर स्क्रीन खाली जाते. डोकं साधारण पाच किलोचं. ते पुढे झुकलं की सगळा ताण मानेच्या स्नायूंवर. माझा लॅपटॉप जुन्या खतावण्यांच्या चळतीवर आहे, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, आणि खाली वेगळा कीबोर्ड. बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन थोडी खालीच ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या.

आणि उठत राहा. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्त जवळजवळ पोचत नाही, हालचालीनं दाब कमी-जास्त होतो तेव्हा त्यांच्यात पोषण झिरपतं. त्यामुळे चांगल्या खुर्चीतही तीन तास ठिय्या मारणं वाईटच. अडत्यांचे फोन मी उभं राहूनच घेते, तेवढ्यानंही दिवसात वीस-पंचवीस वेळा उठणं होतं.

वेगळा कीबोर्ड ऑफिसात मागायला संकोचू नका. मी वर्षभर गप्प बसले, ते चुकलंच. हातातून कप निसटायला लागला, बोटांतली ताकद कमी वाटली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.