शाळेतली 'प्रार्थना' म्हणजे संविधानातली 'उपासना' का?

प्रश्न असा आलाय की संविधानाच्या मराठी प्रतीत कलम २८ मध्ये (शिक्षणसंस्थांतल्या धार्मिक शिक्षण-उपासनेबद्दलचं कलम) 'धार्मिक उपासना' असं आहे, मग शाळेत रोज होते ती 'प्रार्थना' त्यात बसते की नाही.

शब्द म्हणून दोन्ही वेगळे आहेत. उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं, त्यात नेम आलाच. प्रार्थनेत 'अर्थ्' धातू आहे, मागणं. म्हणून तर जुन्या अर्जांत 'अशी प्रार्थना आहे' असं साहेबालाही लिहायचे, देवाचा काही संबंध नाही! पण पुढे प्रार्थना हा शब्द सगळ्यांना चालणारा झाला, १८६७ला मुंबईत प्रार्थना समाज निघाला, आता मशीद-चर्च-देऊळ सगळ्यांना मिळून पेपरवाले प्रार्थनास्थळ लिहितात. धर्मस्थळांबद्दलच्या १९९१च्या कायद्याचं हिंदी नाव 'उपासना स्थल' आहे, आपल्याकडे मात्र सर्रास 'प्रार्थनास्थळे कायदा'.

शाळेत तर तो परिपाठातला एक आयटम झालाय, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, आणि मग 'हाताची घडी तोंडावर बोट'. साने गुरुजींचं 'खरा तो एकची धर्म' म्हणताना कुणाला आपण उपासना करतोय असं वाटत नाही, सरस्वतीच्या फोटोला हार घालून हात जोडायला लावले की मात्र वाटू शकतं.

तेव्हा माझं मत, नाव काय दिलंय यावर जाऊ नका. कलम २८(३) मध्ये खरा वजनदार शब्द 'संमती' आहे, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही, मूल अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) असेल तर पालकाची संमती लागते. केंद्रीय विद्यालयातल्या 'असतो मा सद्गमय'वरून हाच वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २०१९मध्ये तो घटनापीठाकडे सोपवला गेला. केरळची १९८६ची केस यात ओढू नका, ती राष्ट्रगीताची होती, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली तीन मुलं उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून शाळेने काढलं, कोर्टाने परत घ्यायला लावलं.

आणि सरकारी ऑफिसातला सत्यनारायण कुणीतरी विचारणारच, तर ती शंभर टक्के उपासना, पण कलम २८ फक्त शिक्षणसंस्थांचं आहे, त्यामुळे तिथे ते लावू नका.