बर्लिनला भोपळा, झुरिकला वर्ल्ड रेकॉर्ड

प्रश्न : २००९ च्या बर्लिन वर्ल्ड चॅम्पियनशिपचा निकाल बघत होतो, पोल व्हॉल्टमध्ये (लांब काठीच्या, म्हणजे पोलच्या जोरावर उंच आडव्या बारवरून उडी) रशियाच्या येलेना इसिनबायेवाच्या नावापुढे उंचीच नाही! दोन ऑलिंपिक गोल्ड मिळवलेली बाई एकदाही बार पार करू शकली नाही? जखमी होती का?

उत्तर : नाही हो, हिशोब फसला. कुठल्या उंचीपासून सुरुवात करायची हे खेळाडूच ठरवते, खालच्या उंच्या सरळ पास करता येतात, आणि लागोपाठ तीन उड्या फसल्या की बाहेर, मग त्या तिन्ही एकाच उंचीवरच्या असोत की नसोत. दर उडीला पायातला दम जातो म्हणून मोठ्या खेळाडू उशिरा उतरतात, आणि ही तर सगळ्यात उशिरा, बाकीच्या पोरी उड्या मारून दमतायत आणि ही टॉवेल ओढून निवांत पडलेली. बर्लिनला थेट ४.७५ मीटरला आली, पहिली उडी फसली. आता तिथेच परत मारायची ना, तर बाईंनी उरलेल्या दोन संधी ४.८० साठी ठेवल्या आणि दोन्ही गेल्या. खेळ खल्लास! पोलंडची आना रोगोव्स्का ४.७५ वर गोल्ड घेऊन गेली, म्हणजे इसिनबायेवाने जी उंची अर्धवट सोडली तीच जिंकायला पुरली असती. मला तरी हा निव्वळ अतिआत्मविश्वास वाटतो. पण गंमत अशी की त्यानंतर अकरा दिवसांनी, २८ ऑगस्टला, झुरिकला तिने ५.०६ मारली, आणि तो रेकॉर्ड आजही तसाच आहे.

प्रश्न : ती रेकॉर्ड एकेक सेंटीमीटरनेच का वाढवायची? एकदम दहा का नाही?

उत्तर : पैसा, दुसरं काय. नवीन रेकॉर्डला बोनस मिळतो, एक सेंटीमीटर असो की दहा, मग एकाच दिवशी सगळं का उधळायचं? पुरुषांच्या पोल व्हॉल्टमध्ये सर्गेई बुबकानेही हेच केलं होतं. २००८ मध्ये बघा, रोमला ५.०३, मोनॅकोला ५.०४ आणि बीजिंग ऑलिंपिकला ५.०५. मात्र लंडनला २२ जुलै २००५ ला आधी ४.९६ मारली आणि मग बार थेट ५.०० वर नेला, तीही पार, पाच मीटर ओलांडणारी पहिली बाई. काही लोक या सेंटीमीटरवाल्या प्रकाराला लबाडी म्हणतात, मला नाही पटत, कारण ती प्रत्येक उडी त्या दिवसापर्यंत जगात कुठल्याच बाईने मारलेली नव्हती.

प्रश्न : ती आधी जिम्नॅस्ट होती हे खरं का?

उत्तर : हो, वोल्गोग्राडला. पंधरा वर्षांची असताना उंची जास्त झाली म्हणून ते सुटलं आणि इकडे आली. पोल वाकून सरळ होताना तुम्ही हवेत उलटे असता, पाय वर, डोकं खाली, आणि त्याच क्षणी अंग वळवून बारवरून जायचं असतं. जिम्नॅस्टला हे उलटं होणं नवीन नसतं, त्यामुळे फायदा झालाच. पण धावण्याचा वेग कमी असेल तर पोल वाकतच नाही नीट, तिथे जिम्नॅस्टिक्स काही कामाचं नाही.

प्रश्न : ५.०६ च्या जवळ कोणी गेलंय का?

उत्तर : अमेरिकेची जेन सूर २०१६ ला इनडोअर ५.०३, रशियाची अँझेलिका सिदोरोवा २०२१ ला ५.०१, तेही झुरिकलाच. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकचं गोल्ड मात्र ४.९० वरच गेलं.